पिवळी गोळी आणि त्रिंबकचं कुत्रं

युसूफ वडगाव
९ मार्च २०२५

आदरणीय विहीणबाई,
सविनय जय भीम.

पत्र बघून दचकू नका. मी धडधाकट आहे. तुमच्या सुनेने, म्हणजे माझ्या पंचशीलाने, रडत रडत जे सांगितलं असेल त्यातलं निम्मंच खरं आहे. आता फोन सोडून पत्र कशाला, तर माझ्या वकीलबाई योगिता यांनी बजावलंय, "काका, या अपघाताबद्दल फोनवर कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. हल्ली सगळं रेकॉर्ड होतं." म्हणून लिहितोय. पत्र माजलगाव गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती देतो, पुढे दिंद्रुडपर्यंत ते हातोहात येईल. एसटीत तीस वर्षं काढली, त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

त्या दिवशी तुमच्याकडून निघालो तेव्हा माझं नाक कसं वाहत होतं ते तुम्ही पाहिलंच. तुम्ही चहाच्या कपाबरोबर ती पिवळी गोळी माझ्या हातावर ठेवलीत. विहिणीच्या घरी पुढे आलेल्या वस्तूला नाही म्हणता येत नाही, मग ते धपाटं असो की गोळी. घेतली. मोटारसायकलवर घाट नीट चढलो, एकेक वळण जुन्या सवयीने घेतलं. धारूर मागे पडलं, रस्ता सरळ झाला, आणि त्या सरळ रस्त्यावर माझे डोळे मिटले. उघडले तेव्हा मी उसाच्या चिपाडात बसलो होतो, गाडी फाट्यावरच्या रसवंतीच्या बाकड्यावर चढली होती, आणि रसवंतीवाला त्रिंबक उजवा हात धरून माझ्याकडे बघत होता. हात दोन ठिकाणी मोडलाय. माझं फक्त ढोपर सोललं.

ज्या घाटातून लाल गाडी नेली तिथे मी आयुष्यात शेळीसुद्धा मारली नाही. महामंडळाने दिलेला सुरक्षित सेवेचा बिल्ला अजून शर्टाला लावावासा वाटतो. असो. ठाण्यात हवालदाराने नळीत फुंकायला लावलं. दारू निघणार कुठून? तो म्हणाला, "मग झालं काय?" मागे उभे असलेले सगळे एकदम बोलले, "कुत्रं आडवं आलं आसंल की." आपल्या भागातले सगळे अपघात कुत्र्यांनीच केलेत. मी मान हलवली. तेच लिहून घेतलं.

तुमचं नाव मी घेतलं नाही आणि घेणारही नाही. एवढंच कळवा, ती गोळी कशाची होती? आणि तिने झोप येते हे तुम्हाला ठाऊक होतं का? ठाऊक होतं तर सांगितलं का नाही, हे मी विचारत नाही. म्हणजे विचारतोच आहे.

तुमचा सोललेला व्याही,
आश्रुबा


दिंद्रुड
१४ मार्च २०२५

ईवाई,
जय भीम.

पत्र मिळालं. माझ्या आधी ते बऱ्याच जणांना मिळालेलं दिसतं, कारण कंडक्टरने पाकीट देता देता विचारलं, "मावशी, ते कुत्रं कंच्या रंगाचं व्हतं?" पुढच्या वेळी जरा जाड पाकीट वापरा आणि डिंक लावताना कंजुषी करू नका.

गोळी सर्दीची आणि अंगाच्या खाजेची. डॉक्टरांनी मला लिहून दिली होती, रात्री झोपताना घ्यायला. आता तुमच्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. मी सांगितलं नाही असं कसं म्हणता? नीट आठवा. गोळी दिल्यावर लगेच मी म्हणाले, "ईवाई, ऊन लई हाय. पडा की जरा, मग जावा." सतरंजी टाकायला मी तुमच्या जावयाला, बाळूला, सांगतच होते. तुम्ही म्हणालात, "न्हाई न्हाई, लेकीच्या घरी कुठं पडायचं," आणि मारली किक. ती सूचनाच होती. तुम्ही ती ऐकली नाही, याला मी काय करू?

आणि एक सांगते, राग मानू नका. तुम्ही विहारात सगळ्यांच्या पुढे बसून पंचशील म्हणणारे. नशा न करण्याचं पाचवं शील मोडलं ते नकळत, ते सोडून देऊ. पण खोटं न बोलण्याचं चौथं तुम्ही ठाण्यात जाऊन, चांगले जागे असताना मोडलंत.

तरीही माझं नाव घेऊ नका. मी अंगणवाडीत होते तेव्हापासून गल्लीतल्या बायका ताप, अंगदुखी, जुलाब सगळ्याला माझ्या डब्यातली गोळी नेतात आणि मला डॉक्टरीण म्हणतात. भिमाबाईच्या गोळीने माणूस गाडीवरून पडला असं झालं, तर मला नळावर जायची चोरी होईल.

धपाटी पाठवतेय. ती खाऊन गाडी चालवायला हरकत नाही.

भिमाबाई


युसूफ वडगाव
२ एप्रिल २०२५

विहीणबाई,
जय भीम.

धपाट्यांची अर्धी चळत पोहोचली, अर्धी डेपोत उतरली असावी. तुमचं पत्र योगिताबाईंना दाखवलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "काका, फोनवर बोलू नका म्हणाले, तर तुम्ही दोघांनी सहीनिशी लिहून ठेवलं?" पण आता मला लिहायची चटक लागलीये.

तुमच्या सूचनेबद्दल बोलायचं, तर विहीणबाई, 'पडा की जरा' हे तुम्ही सगळ्यांनाच म्हणता. माझ्यासमोर तुम्ही लाइटचं मीटर बघायला आलेल्या पोऱ्याला म्हणाला होतात. त्यात औषधाची सूचना आहे हे मी कसं ओळखावं?

पण ते राहू द्या. इथे भलतंच होऊन बसलंय. त्रिंबकने अंबाजोगाईच्या कोर्टात भरपाईचा दावा लावलाय. लावायलाच हवा. उन्हाळा हाच त्याचा हंगाम, आणि ऊस चरकात घालणारा हात गळ्यात बांधलेला. ती भरपाई माझ्या गाडीच्या विमा कंपनीने द्यायची असते. मला वाटलं, चला, त्रिंबकचं भागेल. तर कंपनीचा माणूस फाट्यावर चौकशीला आला. फाट्यावर कुत्री किती? एकच. कुणाचं? त्रिंबकचं. त्याचं नाव सायब. झालं, त्याने लिहून नेलं की गाडीला आडवं आलं ते दावेदाराचंच कुत्रं, ते मोकळं सोडलं ही दावेदाराची चूक, तेव्हा कंपनी त्याला का म्हणून पैसे देईल?

मी मान हलवली होती ती एका नसलेल्या कुत्र्यासाठी. तिथे असलेलं कुत्रं आणून उभं करतील हे माझ्या डोक्यात आलं नाही. आता ज्याचा हात मी मोडला त्यालाच माझ्या मानेमुळे काही मिळणार नाही. कुत्रं मागे घ्यावं तर गोळी पुढे येते, आणि गोळी आली की तुम्ही आलात. झोप उडालीये, त्या गोळीचा असर पार संपलाय. काय करू ते सांगा.

आश्रुबा


दिंद्रुड
७ एप्रिल २०२५

ईवाई,
जय भीम.

एवढं घाबरायला काय झालं? कुत्रं मागे घेऊ नका, नुसतं बदला. रानडुक्कर म्हणा. ते कुणाच्या मालकीचं नसतं, असलंच तर सरकारचं. मग त्रिंबकला वनखात्याने द्यावं. मी इकडे दोघा-तिघांना विचारलं, सगळे म्हणाले डुक्कर चांगलं बसतं.

मीटरवाल्याचं उगाच काढलंत. त्या दिवशी तो पोरगा उन्हाने काळाठिक्कर पडला होता आणि मी त्याला मनापासून म्हटलं होतं. माझ्या घरचं 'बसा' आणि 'पडा' खोटं नसतं. अख्ख्या दिंद्रुडात विचारा. गरिबी होती तेव्हाही माझ्या दारातून कुणी न विचारता गेलं नाही, आणि तेवढीच माझी मिरास आहे. त्यावर बोट ठेवू नका.

तुमच्या लेकीची गंमत सांगते. आपली पत्रं चाललेली बघून तिला वाटतंय मी तिच्या तक्रारी तुम्हाला लिहिते. हल्ली ती माझ्या आधी उठून अंगण झाडते आणि चहात आलं किसून घालते. तिचा गैरसमज दूर करायची मला घाई नाही.

त्रिंबकचा हात कसा आहे ते लिहा. पंचशीला विचारत होती.

भिमाबाई


युसूफ वडगाव
२८ एप्रिल २०२५

विहीणबाई,
जय भीम.

पंचशीलाला सांगा, हात अजून सुजलेला आहे. आणि हे तिने विचारलं नव्हतं हे मला कळतं.

डुक्कर मी ठाण्यात नेलं नाही. आधी फाट्यावर गेलो. त्रिंबकची बायको बायनाबाई चरकात ऊस घालत होती आणि तो डाव्या हाताने पेले विसळत होता. मला बघून त्याने एक पेला भरला आणि पुढे केला. सायब बाकड्याखाली पडला होता. म्हातारं कुत्रं, डोळ्यावर माशी बसली तरी उठत नाही. त्रिंबक म्हणाला, "काका, ह्यो पानी प्यायला उठत न्हाई, त्यो तुमच्या गाडीम्होरं कवा आला? कावून आसं सांगितलं?" आवाज चढवला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. रसाचा पेला मी तसाच बाकड्यावर ठेवला.

तिथून सरळ ठाण्यात गेलो आणि म्हणालो, कुत्रं नव्हतं, सर्दीची गोळी घेतली होती, झोप लागली. हवालदार म्हणाला, "गोळी कुठून घेतली?" तुमचं नाव न घेता म्हणालो, विहिणीने दिली. "मुली किती तुमाला?" मी म्हणालो, एक. तो म्हणाला, "मंग विहीण बी एकच," आणि पुढे लिहायला लागला. मला माफ करा. मी बस चालवायला शिकलो, खोटं बोलायला शिकलो नाही.

योगिताबाईंनी सगळं समजावून सांगितलं. कायद्यात नशेत गाडी चालवायचं जे कलम आहे, त्यात दारूच्या शेजारी औषधालाही बसवलंय. डॉक्टरची का असेना, गुंगी आणणारी गोळी घेऊन गाडीवर बसलात तर पेच पडतो. सगळं एका गोष्टीवर येऊन थांबतं, गुंगी येईल हे मला कुणी सांगितलं होतं का. सांगितलं नसेल तर ती माझी चूक आहे, पण नशा नाही, आणि देणारीला लोक नावं ठेवतील. सांगितलं असेल तर देणारी सुटली, आणि मी जाणूनबुजून गुंगीत गाडी चालवली असं होतं. मग कंपनी त्रिंबकला देईल, पण ते सगळं माझ्याकडून वसूल करेल.

मी जबाब दिलाय की तुम्ही सांगितलं होतं. 'पडा, मग जावा' असं म्हणालात, ती सूचनाच होती, मीच ऐकलं नाही. तुम्ही पत्रात लिहिलं तसंच शब्दाला शब्द सांगितलंय. तेव्हा तुम्हाला नळावर जायला कसलीही चोरी नाही. मला थोडीफार झळ बसेल, ती मी सोसेन. त्रिंबकला मिळालं म्हणजे झालं.

आश्रुबा


दिंद्रुड
३ मे २०२५

ईवाई,

तुमच्या वकीलबाईंना मी फोन केला. होय, फोन केला. रेकॉर्ड होऊ दे नाही तर रेडिओवर लागू दे. त्या म्हणाल्या वसुली लागली तर राहतं घर विकायची वेळ येईल. याला तुम्ही थोडीफार झळ म्हणता? पंचशीलाला बाळंतपणाला आणली ते घर, वहिनींनी ओटा सारवला ते घर, ते माझ्या एका गोळीपायी जाणार आणि मी नळावर मान वर करून पाणी भरणार? असला उपकार मला नको.

मला साक्षीला बोलवायला सांगितलंय. आता पत्र लिहू नका. योगिताबाईंनी मलाही हात जोडून सांगितलंय.

भिमाबाई


दिंद्रुड
२१ जानेवारी २०२६

ईवाई,
जय भीम.

आता साक्ष झाली, आता लिहायला मोकळी. तुम्ही प्रत्येक प्रश्नाला मान हलवता म्हणून योगिताबाईंनी तुम्हाला बाहेर बाकावर बसवलं होतं. मीही तुम्हाला न भेटताच गाडी धरली. तुमच्यासमोर उभं राहायला जमलं नसतं. म्हणून आत काय झालं ते लिहिते.

कंपनीचा वकील तरणाबांड, चांगला बोलणारा. म्हणाला, "आजी, गोळी दिल्यावर तुम्ही यांना 'पडा जरा, मग जा' असं म्हणालात?"

"म्हनले."

"म्हणजे झोप येईल, गाडी चालवू नका, असं सांगितलंत."

"न्हाई सायब."

"मग पडा म्हणजे काय?"

ईवाई, तिथे हो म्हटलं असतं तर माझी अब्रू राहत होती. पण मला त्रिंबक दिसत होता. हात खाली सोडून बसला होता, बोटं अर्धीच मिटलेली. मी म्हणाले, "सायब, आमच्यात जेवलेल्या मान्साला पडा म्हनायचं आसतंय. त्यानं न्हाई म्हनायचं आसतंय. मंग त्यो जातो."

न्यायाधीश साहेबांनी पेन खाली ठेवला. "बाई, आणि ते खरंच पडले असते तर?"

"तर माझी पंचाईत झाली आसती. सतरंजी धुयाला टाकलेली, आन खाटंवर बाळूचे वडील पडलेले. म्या मनापासून न्हाई म्हनले, सायब. गोळीनं गुंगी येती ते मला ठाव व्हतं. ते म्या सांगितलं न्हाई. सांगितलं आसतं तर ईवायांनी गोळी घेतली नसती, आन माझ्या हातचं वापस गेलं आसतं."

सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशही हसले, पण माझ्याकडे बघून लगेच थांबले. म्हणाले, "बाई, डॉक्टरने आपल्याला दिलेली गोळी दुसऱ्याला देत जाऊ नका." मला वाटलं होतं आत टाकतील. डबा मी घरी आल्या आल्या दवाखान्यात नेऊन दिला.

पण ईवाई, दुसऱ्या एका तारखेसाठी आपल्या गल्लीतल्या सुभद्राबाईचा दीर तिथेच बसला होता. माझ्या आधी बातमी गावात आली. संध्याकाळी सुभद्राबाई दारात आली, मी सवयीने म्हणाले, "बस की गं." तर म्हणते, "खरं बसू, का कोर्टातलं?" मी हसले. सगळ्या हसल्या. पण ती बसली नाही, उभ्यानेच गेली. तेव्हापासून सगळ्या उभ्यानेच जातात. मला त्याचं लई वाईट वाटतंय. हे पंचशीलाला सांगता येत नाही आणि बाळूच्या वडिलांना कळत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.

तुम्हाला पत्रात सतरंजीचं खोटं लिहिलं होतं, ते आता कोर्टात धुतलं गेलं.

भिमाबाई


युसूफ वडगाव
१८ फेब्रुवारी २०२६

विहीणबाई,
जय भीम.

निकाल लागला. चूक माझीच, हे कोर्टाने स्वच्छ लिहिलंय, आणि ते बरोबर आहे. डोळे जड झाले तेव्हा गाडी झाडाखाली लावायची होती, हे मी तीस वर्षं नव्या ड्रायव्हरांना शिकवत आलो. पण गोळीची माहिती मला नव्हती, जाणूनबुजून नशेत चालवली नाही, असंही लिहिलंय. का, तर तुमची साक्ष. भरपाई कंपनीने द्यायची, माझ्याकडे वसुली नाही. घर राहिलं. सायबावर काही ठपका नाही, त्याला कळवलं, तो उठला नाही. त्रिंबकची मूठ अजून पूर्ण वळत नाही, पण औंदा चरक तोच चालवतो. माझं लायसन्स काही महिने आरटीओने ठेवून घेतलंय. ठेवू दे.

योगिताबाई म्हणाल्या, "काका, अशी साक्ष मी पाहिली नाही. बाईंनी खरं सांगून स्वतःच्याच घराची अब्रू काढली." बाहेर येऊन चहाच्या टपरीमागे उभा राहिलो आणि म्हातारपणी डोळे पुसले. हे कुणाला सांगू नका.

आता माझं ऐका. रविवारी मी एसटीने तुमच्याकडे येतोय, मुक्कामाला. पंचशीलाची आई म्हणाली, लेकीच्या घरी मुक्काम करणं शोभतं का? मी म्हणालो, मी लेकीच्या नाही, विहिणीच्या घरी चाललोय. दुपारी जेवेन आणि नंतर ओट्यावर पडेन, सुभद्राबाईच्या दारातून नीट दिसेल असा. चांगला दिवे लागेपर्यंत पडणार आहे. मी घोरतोही, तेव्हा ज्यांना दिसणार नाही त्यांनाही कळेल. बाळूच्या वडिलांना म्हणावं खाट त्यांचीच, मला खाली सतरंजी पुरे.

आणि गल्लीतून जाता-येता कुणी विचारलंच, तर सांगा, ईवाई आहेत, गोळी न घेता झोपलेत.

आश्रुबा